पटाचा बैल, वखराचा बैल

गॅरेजच्या ओट्यावरून : वाचकांचे प्रश्न, मिस्त्रीची उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रांत मागणी एकच: गाडीची ताकद वाढवून द्या. दिवाळी झाली, कापसाचा पहिला वेचा विकला की पोट्ट्यांना हे हमखास सुचतं. म्हणून एका पत्राला सविस्तर उत्तर देतो. बाकीच्यांनी त्यात आपापलं शोधून घ्यावं. शेवटी तीन लहान प्रश्न आहेत.

प्रश्न : काका, नमस्कार. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बाबांनी मागच्या हंगामात जुनी आर१५ घेऊन दिली, २०१२ चं मॉडेल, व्हर्जन टू. गाडी झकास आहे, पण मित्राच्या ड्यूक २०० समोर काही चालत नाही. टर्बो मला नको, परवडतही नाही. एका ठिकाणी फिल्टर, सायलेन्सर, कॅम आणि हेड घासणं असं सगळं मिळून चाळीस हजार सांगितले. पाच-सहा हॉर्सपॉवर नक्की वाढतील म्हणे. खरं आहे का? सगळं एकदम जमणार नाही, तर आधी काय करू?
— एक वाचक, समुद्रपूर तालुका

उत्तर : पाच-सहा वाढणार नाहीत. नुसतं नाही म्हटलं तर तू उद्या दुसऱ्या गॅरेजची पायरी चढशील, तुझ्या वयात मीही तेच केलं असतं. म्हणून कागद-पेन घे.

तुझं इंजिन १४९.८ सीसीचं. कंपनीचा आकडा १७ पीएस (हॉर्सपॉवरचंच माप), ८,५०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ८,५०० फेऱ्यांना. टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १५ न्यूटन-मीटर, ७,५०० ला. हॉर्सपॉवर ही इंजिनात वेगळी भरलेली चीज नसते. टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ७,०२४, की आले पीएस. उलटं गणित केलं तर ८,५०० ला टॉर्क साधारण १४ निघतो. तुला हवेत २२ पीएस. त्याच ८,५०० ला ते काढायचे तर टॉर्क १८ च्या वर पाहिजे. तुझं इंजिन आताच लिटरच्या हिशेबाने १०० न्यूटन-मीटर देतं, आणि टर्बो, म्हणजे हवा कोंबणारा पंखा, नसलेल्या रस्त्यावरच्या गाडीसाठी हा आकडा चांगलाच आहे. १८ म्हणजे लिटरला १२० च्या वर. तिथे रेसच्या इंजिनांचाही दम निघतो.

दुसरा रस्ता म्हणजे टॉर्क तेवढाच ठेवायचा आणि इंजिन जास्त फिरवायचं. १४ न्यूटन-मीटर ११,००० पर्यंत टिकवला की झाले २२ पीएस. कागदावर झाले. पण पिस्टन दर फेरीला वर थांबतो, खाली थांबतो, आणि त्या थांबण्या-निघण्याचा झटका आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ८,५०० चे ११,००० केले तर कनेक्टिंग रॉडवरचा तो झटका सुमारे दोन तृतीयांशाने वाढला. वर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. त्या जुन्याच ठेवल्या तर एका टोकाला त्यांना व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमच्या मागे धावणं जमत नाही, व्हॉल्व्ह वेळेवर बसत नाही, पिस्टन त्याला गाठतो. मग तू गाडी पिकअप व्हॅनमध्ये टाकून माझ्या दारात.

मित्राच्या ड्यूकचं मर्म इथेच आहे. तिचं इंजिन १९९.५ सीसीचं, २५ पीएस, १०,००० आरपीएमला. तिचा बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, ७२ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, फक्त ४९. तुझा बोअर ५७, स्ट्रोक ५८.७. ती १०,००० वर असते तेव्हा तिचा पिस्टन सरासरी सेकंदाला सव्वासोळा मीटर पळतो. तुझा तेवढा वेग ८,५०० च्या आतच गाठतो. म्हणजे तुझं इंजिन मंद नाही. लांब स्ट्रोकमुळे त्याचा पिस्टन आधीच दौडत आहे, आणि तुला त्याला आणखी चाबूक मारायचा आहे.

यामाहाने स्वतः काय केलं तेही बघ. २०१८ मध्ये आपल्याकडे व्हर्जन थ्री आलं. इंजिन १५५ सीसी केलं. कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण कितीपट दाबलं जातं ते, १०.४ चं ११.६ केलं. ७,४०० आरपीएमला इनटेकचा दुसरा कॅम लागावा अशी व्हीव्हीएची सोय बसवली. ताकदीचं टोक १०,००० वर नेलं. एवढं सगळं करून पीएस किती? १९.३. अख्खं इंजिन नव्याने घडवून वाढले दोन घोडे आणि थोडे. तुझा चाळीस हजारवाला चार कामांत सहा वाढवणार आहे.

आता काय होऊ शकतं ते सांगतो. तेरा-चौदा वर्षांच्या गाडीत आधी नवे घोडे आणायचे नसतात, पळालेले शोधायचे असतात.

मागच्या माघात दोन पोट्टे आले, गाडी तुझ्यासारखीच. "काका, गाडी ओढूनच नाई रायली, ईसीयू रिमॅप करून द्या." ईसीयू म्हणजे पेट्रोल आणि ठिणगीचा हिशेब ठेवणारा गाडीतला कॉम्प्युटर. मी मागचं चाक स्टँडवर घेऊन हाताने फिरवलं, तर अर्धा फेरा फिरून थांबलं. डिस्कचं कॅलिपर अडकलेलं, पॅड सतत घासत होते. चेन सतारीच्या तारेसारखी ताणलेली. बसल्यावर तर आणखीच ताणली जायची. क्लच केबलला फ्री प्ले शून्य, त्यामुळे प्लेटा सरकून सरकून गुळगुळीत झालेल्या. आणि ऑइल कोणतं? घरच्या कारमधलं उरलेलं. कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी औषधं असतात आणि मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये भिजून फिरतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलंच ऑइल घालायचं. एअर फिल्टर उघडला तर त्यातून सरकीला चिकटलेला असतो तसा कापसाचा थर निघाला. दोघं रोज जिनिंगसमोरून कॉलेजला जायचे.

दोन दिवसांत सगळं नीट केलं, व्हॉल्व्हचं क्लिअरन्स बघितलं, प्लग बदलला. खर्च चार हजारांच्या आत. त्यांच्या हिशेबाने तीन घोडे वाढले. माझ्या हिशेबाने एकही वाढला नाही, गोठ्यातले परत आले इतकंच.

तू हेच आधी कर. आणि करण्यापूर्वी मोजून ठेव, नाहीतर आवाज वाढला की ताकद वाढली असं वाटतं. ताकद मोजायचं यंत्र, डायनो, इथे कुठून आणायचं, पण मोबाइल सगळ्यांकडे आहे. पहाटे वारा नसताना, सरळ, सपाट, मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ४० वरून ८० ला जायला किती सेकंद लागतात ते मीटरचा व्हिडिओ काढून मोज. मोबाइल हातात धरू नकोस, टाकीवर पक्का बसव. जाताना तीनदा, येताना तीनदा, सरासरी काढ. गाडीवर बसणारा तोच, पेट्रोल तेवढंच. काम झालं की पुन्हा त्याच रस्त्यावर मोज. अर्धा सेकंद कमी झाला तर काम झालं. झाला नाही तर मिस्त्रीने सांगितलेलं खोटं, मग तो मिस्त्री मी का असेना.

ऊन हाही आपल्याकडचा एक चोर आहे. कारखान्यात ताकद मोजतात तेव्हा हिशेब २५ अंशांच्या हवेवर आणतात. नवतप्यात आपल्याकडे पारा ४५ ला जातो तेव्हा तीच हवा सहा टक्क्यांनी पातळ होते. तेवढीच ताकद जाते असं नाही, पण १७ मधला पाऊण घोडा गेला असं समज. टर्बो नसलेलं इंजिन म्हणजे शेवटी काय, बाहेर जेवढी हवा आहे तेवढीच ओढणार. म्हणून मे महिन्यातल्या दुपारी गाडी मेल्यासारखी वाटली तर मिस्त्रीला शिव्या देऊ नकोस. डिसेंबरात पहाटे तीच गाडी अंगात आल्यासारखी पळते.

यावरून फिल्टरकडे येऊ. बाजारात शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर मिळतो. पोट्टे एअरबॉक्स, म्हणजे फिल्टरचा मूळ डबा, काढून तो लावतात आणि हवा भरपूर जाईल म्हणतात. हवा जाते, पण कुठली? इंजिनाच्या डोक्यावरची, रेडिएटरने तापवलेली. कंपनीने एअरबॉक्सचं तोंड थंड जागी उगाच नाही ठेवलं. शिवाय एअरबॉक्सचं आकारमान आणि नळीची लांबी ठरवून दिलेली असते. ठराविक आरपीएमला हवेची लाट परत येऊन सिलिंडरमध्ये थोडी जास्त हवा कोंबते. तो डबा फेकला की मधल्या आरपीएमचा टॉर्क फेकला. आणि आपली धूळ! काळ्या मातीच्या रस्त्यावर हार्वेस्टर गेल्यावर मागून जाऊन बघ. ती धूळ आत गेली की रिंगा आणि सिलिंडर पॉलिश पेपरसारखे घासले जातात. तुझा सिलिंडर तर लायनरचा नाहीच. यामाहा त्याला डायासिल म्हणते, सिलिकॉन मिसळलेल्या ॲल्युमिनियमचा एकसंध ओतलेला. तो झिजला की लेथवर नेऊन पाव-अर्धा मिलिमीटर बोअर करून मोठा पिस्टन टाकणं हा आपला नेहमीचा उपाय चालत नाही. म्हणून तुझ्यासाठी फिल्टरचं उत्तर: कंपनीचाच, नवा, आणि सांगितलेल्या मुदतीच्या निम्म्यात बदललेला. बोअर वाढवून सीसी वाढवायचा विचारही याच कारणाने सोड.

सायलेन्सरबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर वाद फार आणि माल कमी. मागचा डबा बदलला तर आवाज वाढतो, वजन दोन-तीन किलो कमी होतं, ताकद मोजायला गेलं तर बोटाच्या पेरात मावेल एवढी. खरा फरक हेडपासूनच्या (सिलिंडरवरच्या झाकणापासूनच्या) पाइपात असतो. एक्झॉस्टचा धक्का पाइपाच्या मोकळ्या टोकाला गेला की उलटी, ओढणारी लाट परत येते. ती व्हॉल्व्ह बंद होण्याच्या आधी पोचली तर उरलासुरला धूर ओढून काढते आणि नवी हवा आत घेते. पाइपाची लांबी कोणत्या आरपीएमसाठी धरली यावर सगळं. पाइप बदलला तर पेट्रोलचा नकाशाही बदलावा लागतो, नाहीतर मिश्रण सुकं पडतं आणि इंजिन तापतं. आणि कायद्याचं सांगून ठेवतो: २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातल्या कलम १८२अ नुसार मालकाने गाडीत परवानगी नसलेला बदल केला तर प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तुझ्या यादीत चार बदल आहेत. चाळीस हजारांवर वीस हजार मांड.

हेड घासण्याबद्दल मात्र माझ्याकडून ऐक, कारण त्याची फी मी भरली आहे.

२००५ च्या मार्चमध्ये माझ्या स्वतःच्या १८० सीसी गाडीचं हेड मी लेथवर दिलं. अर्धा मिलिमीटर घ्या म्हणून सांगितलं. हेड आलं ते आरशासारखं चकचकीत. मी खूश. व्हर्नियर लावून बघायची बुद्धी झाली नाही. दीड मिलिमीटरच्या आसपास गेलं होतं, हे मला पुढे कळलं. पहिले पंधरा दिवस गाडी काय पळाली म्हणून सांगू! गावात मी मान वर करून फिरत होतो. एप्रिल संपता संपता दुपारी बायकोला घेऊन नागपूरहून येत होतो. बुटीबोरीच्या पुढे चौथ्या गिअरमध्ये इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायला लागला. नॉकिंग. मला कळत होतं आणि तरी मी थ्रॉटल सोडला नाही, कारण पुढे एक ट्रक होता आणि मला तो गाठायचा होता. जांबच्या अलीकडे गाडी एकदम सुटल्यासारखी झाली, मागे पांढरा धूर. उघडली तर पिस्टनच्या डोक्यात चवलीएवढं भोक. बायको त्या उन्हात बाभळीखाली दीड तास बसली. ती मला आजही जांब आलं की कोपर मारते.

झालं काय ते समजून घे. मिश्रण जास्त दाबलं की जास्त तापतं. प्लगने पेटवलेली ज्वाळा कोपऱ्यात पोचायच्या आधीच तिथलं मिश्रण आपोआप भडकतं. तो भडका हातोडीसारखा बसतो. बाहेरची हवा ४४ अंशांची असेल, चढ असेल, दोघं बसलेले असतील तर लवकर होतं. म्हणून पुण्याच्या हवेत चाललेलं कॉम्प्रेशन आपल्या मे महिन्यात चालेलच असं नाही.

आणि मिळतं किती? तुझ्या गाडीचं ढोबळ गणित करून ठेवलं आहे. तुझ्या हेडमध्ये दहनाची जागा सुमारे १६ सीसी. अर्धा मिलिमीटर घासला की सव्वा सीसी कमी होते आणि कॉम्प्रेशन १०.४ चं ११.२ होतं. पुस्तकी सूत्राने कार्यक्षमता वाढते दोन टक्के. १७ वर दोन टक्के म्हणजे एका घोड्याचा तिसरा हिस्सा. वर, हेड खाली बसल्यामुळे टायमिंग चेनचं गणित बिघडतं, कॅम किंचित मागे पडतो. पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर कमी होतं, ते मातीचा गोळा ठेवून मोजावं लागतं. एवढ्या उठाठेवीत मिळतो पाव-तिसरा हिस्सा घोडा. कोणी कॉम्प्रेशन वाढवून दोन घोडे देतो म्हणाला तर त्याला सीसी विचार, पळून जाईल.

कॅमचं सांगायला मला शंकरपट आठवतो. २०१४ च्या बंदीनंतर पट बंद होते, आता परत भरतात. तळेगाव दशासरला एकदा जाऊन बघ. पटाची जोडी काही सेकंद धावते. तेवढ्यासाठी तिला वर्षभर ढेप, कणिक, दूध. वखराला ती जुंपत नाहीत. जुंपली तर धुऱ्यापर्यंत जाऊन फुरफुरत उभी राहील. उलट वखराचा बैल दिवसभर ओढेल, पण पटात पाठीमागे राहील. रेसचा कॅम म्हणजे वखराच्या बैलाचा पटाचा बैल करणं. तो व्हॉल्व्ह जास्त उचलतो आणि जास्त वेळ उघडा ठेवतो. ८,००० च्या वर हवेला आत यायला वेळच कमी असतो, तिथे हे कामी येतं. पण ४,००० ला तोच व्हॉल्व्ह उशिरा बंद झाल्यामुळे आत आलेली हवा पिस्टन परत बाहेर ढकलतो. गाडी खालून मरते, आयडलिंगला धडधडते, ॲव्हरेज जातं. तू कॉलेजला कसा जातोस? एसटी, बैलगाडी, खड्डा, म्हैस, परत खड्डा. मीटरचा काटा ३,००० ते ६,००० मध्येच फिरतो. तिथला टॉर्क विकून ९,००० वरचे दोन घोडे घेतले तर ते वापरायला तुला रस्ता कुठे आहे? चांगला आणि कोरा रस्ता म्हणशील तर समृद्धी महामार्ग वर्ध्यातूनच जातो, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे.

पोर्टिंगचं, म्हणजे हेडमधली हवेची वाट घासून मोकळी करण्याचं, बरंच ऐकशील. ओतकामाची खडबड काढणं, व्हॉल्व्ह सीट तीन कोनांत कापणं, ग्राइंडिंग पेस्टने व्हॉल्व्ह बसवणं, इतपत चांगलं आणि टिकाऊ काम आहे. हेड उघडलंच असेल तर करावं. वाट मोठी करू नये. मोठ्या वाटेत हवेचा वेग मंदावतो.

ईसीयूचं काम माझ्या गॅरेजमध्ये होत नाही, आणि जिथे डायनो व मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर नाही तिथे होतं असं कोणी म्हणत असेल तर तो अंदाजपंचे करतो आहे. पेट्रोल पूर्ण जळायला हवा १४.७ भाग आणि पेट्रोल १ भाग असं प्रमाण लागतं, पूर्ण ताकदीला हवा १३ च्या आसपास. कंपनी सुरक्षेसाठी आणि धुरासाठी थोडं इकडेतिकडे ठेवते. ते सुधारून तुझ्या गाडीत अर्धा, फार तर एक घोडा. नुसतं रेव्ह लिमिटर, म्हणजे आरपीएमची वरची हद्द, वाढवून देणाऱ्याला दारात उभा करू नकोस, कारण वर सांगितलेला कनेक्टिंग रॉडचा झटका त्याला माहीत नसतो.

मग चाळीस हजारांत काय? मी असतो तर चार-पाच हजार देखभालीला घातले असते. मग चांगले टायर. मग पुढचं स्प्रॉकेट एका दाताने कमी. १४ चे १३ केले की प्रत्येक गिअरमध्ये चाकावरची ओढ साडेसात टक्क्यांनी वाढते, तेवढाच टॉप स्पीड कमी होतो, आणि खर्च चेनसकट बदललं तरी हाताबाहेर जात नाही. हॉर्सपॉवर एकही वाढत नाही. पण सिग्नलवरून निघताना, बैलगाडीला ओलांडताना जे तुला हवं आहे ते हेच आहे.  उरलेले तीस हजार बँकेत ठेव. दोन वर्षांनी ही गाडी विकून त्यात घालून २०० सीसी घे. हा सल्ला मिस्त्रीला परवडणारा नाही, पण तुझे बाबा कास्तकार आहेत, आणि तो पैसा पराटीतून आलेला आहे.

प्रश्न : पेट्रोलच्या टाकीत डांबर गोळ्या टाकल्या की पिकअप वाढतो असं आमच्याकडे सगळे म्हणतात. टाकू का?
— एक वाचक, चिखली

उत्तर : नका टाकू. यामागे थोडंसं खरं आहे म्हणूनच ही गोष्ट मरत नाही: नॅप्थलीनला नॉकिंग सोसण्याची ताकद जुन्या काळच्या पेट्रोलपेक्षा जास्त. पण ऑक्टेन हे नॉकिंग सोसण्याचं माप, इंजिनाची ताकद नव्हे. ज्या इंजिनात नॉकिंग होतच नाही त्याला जास्त ऑक्टेन दिलं तर ते जसंच्या तसं चालतं. महागडं पेट्रोल टाकणाऱ्यांनीही हे ऐकावं. थंडीत त्या गोळ्यांचे खडे परत तयार होतात आणि कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये किंवा इंजेक्टरच्या जाळीत बसतात. मी काढले आहेत. वास आठवडाभर हाताला राहतो, जेवताना ट्रंक उघडल्यासारखं वाटतं.

प्रश्न : दादा, मी एनएस२०० चालवते. १३० च्या वर काटा सरकत नाही. १४० व्हायला काय करावं लागेल? भावाने सांगितलं की समोरून पाइप काढून एअरबॉक्सला जोडला की रॅम एअरने हवा कोंबली जाते.
— एक वाचक, दारव्हा

उत्तर : ताई, आधी पाइपाचं. १०० च्या वेगात समोरच्या हवेचा दाब बाहेरच्या दाबाच्या अर्धा टक्का भरतो. २०० ला गेलात तर पावणेदोन-दोन टक्के. म्हणजे मोठ्या रेस गाड्यांना त्याचा उपयोग आहे, तुमच्या गाडीला त्या पाइपातून जास्त मिळेल ते पावसाचं पाणी.

१४० चं असं आहे: वेग वाढला की हवेविरुद्ध लागणारी ताकद घनाने वाढते. १३० चे १४० करायला सव्वापट ताकद हवी. तुमचे २४.५ पीएस म्हणजे ३० च्या वर नेले पाहिजेत. ते त्या इंजिनात कोणी सरळ मार्गाने देऊ शकत नाही. मागची पेटी काढा, टायरची हवा गाडीवर लिहिल्याप्रमाणे ठेवा, आणि टाकीवर छाती टेकवून बसा. अंग आत घेतल्याने जे चार-पाच किलोमीटर मिळतात ते फुकटचे आहेत. बाकी हा प्रयोग बंद मैदानात करा; दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर रात्री रोही आडवे येतात, त्यांना तुमचा टॉप स्पीड माहीत नसतो.

प्रश्न : माझ्याकडे १९९४ ची आरएक्स१०० आहे, मूळ कागदांसह. एक्झॉस्ट पोर्ट कानशीने वर घेतला तर ताकद वाढते का? वय ५८ आहे, पण हौस आहे.
— एक वाचक, पुसद

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र वाचून मी चहा मागवला. ९८ सीसीत ११ पीएस, तेही ७,५०० लाच. टू-स्ट्रोक दर फेरीला जळतो त्याची ही किमया. होय, एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतली धूर जाण्याची खिडकी, वर घेतला की तो लवकर उघडतो आणि ताकदीचं टोक वर सरकतं. पण त्यासोबत जळण्याचा धक्का पिस्टनवर कमी वेळ राहतो, म्हणून खालून ओढ जाते, आणि मूळ पाइप त्याला पुरत नाही, एक्सपान्शन चेंबर, म्हणजे मधे फुगीर असलेला पाइप, लागतो. अर्धा मिलिमीटरसुद्धा खूप असतो. दोन्ही बाजू सारख्या न आल्या तर रिंग पोर्टमध्ये अडकून तुटते. पोर्टाची धार मोडून गोल केली नाही तरी तुटते. आणि घेतलेला पोर्ट खाली आणता येत नाही.

तुमचा मूळ सिलिंडर शाबूत असेल तर त्याला कानस लावू नका, कापडात गुंडाळून ठेवा. १९९६ ला ही गाडी बनणं थांबलं, आणि आता जुना खरा सिलिंडर मिळणं कठीण, बाजारात नकली पुष्कळ. हौस नकली सिलिंडरवर करा. बिघडला तर दुसरा आणा. माझ्याकडे यायचं असेल तर बुधवार सोडून या, बुधवारी मी बाजाराला जातो. येताना जुना पिस्टन आणि रिंगाही आणा. घासलेल्या खुणांवरून सिलिंडर कुठल्या बाजूला जास्त झिजला आहे ते कळेल, मग बोलू.